नऊ पन्नासची आगबोट

साक्सेल्न, रविवार, ७ जुलै १९६३

रेगीनास,

येशूची स्तुती असो. आपल्या घरी यावर 'सदासर्वदा' असं उत्तर यायचं. तुमच्याकडे डोंगरापलीकडे ते सोडून दिलंय म्हणतात, मला ठाऊक नाही. म्हणून मीच लिहून टाकते. सदासर्वदा, आमेन.

तुझं कार्ड गुरुवारी मिळालं. आधी एक विचारते, कार्ड का? नाताळला तू बंद पाकीट पाठवतेस, मग आत्ताच उघडं कार्ड कशाला? टपालकचेरीतली योझेफा ते हातात देताना म्हणाली, "सरोवर छान आहे हो, आगाथा." तिने नुसतं सरोवरच पाहिलं असेल यावर माझा विश्वास नाही. रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर दोघीजणींनी मला मुद्दाम विचारलं, "धाकटी बरी आहे ना?" अकरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

तू लिहितेस, आईला एकदा भेटायचंय, तिचे डोळे पुरते जाण्याआधी. तिचे डोळे जाताहेत हे तुला कुणी सांगितलं? मी नाही. लुझर्नच्या डॉक्टरकडे तिला मी नेलं, हिवाळ्यापर्यंत फार काही उरणार नाही हे त्यांनी मला सांगितलं, आणि मी ते घरातच ठेवलं. मग ते ब्रूनिगचा घाट ओलांडून तुझ्या इझेल्टवाल्डला कसं पोचलं?

आणि आत्ताच का? मुलीचं काही आहे का? तुमच्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये तिला कुठल्याशा विधीला उभी करायची आणि शेजारी काळी शाल पांघरलेली कॅथलिक आजी बसवायची, असा काही बेत असेल तर आत्ताच सांग. की तुझ्या नवऱ्याने सुचवलं? कार्डावरचं अक्षर तुझंच आहे, पण शेवटच्या दोन ओळी जरा तिरक्या गेल्यात. कुणी शेजारी उभं राहून सांगत असलं की माणसाचं असं होतं.

मी कार्ड आईला वाचून दाखवलं. ती "बरं" म्हणाली. एवढंच.

आगाथा ओम्लीन

---

साक्सेल्न, रविवार, २१ जुलै

रेगीनास,

येशूची स्तुती असो.

तुझं पत्र मिळालं. मुलीचं काही नाही, एर्न्स्टने काही सुचवलं नाही, आईला फक्त पाहायचंय, असं तू लिहितेस. ठीक आहे. लिहिलेलं मी वाचलं. डोळ्यांचं कुणी सांगितलं, या प्रश्नाला मात्र तू बगल दिलीस.

आलोईसला मी विचारलं, भाऊ म्हणून त्याचंही मत हवं. आठ दिवसांसाठी तो वरच्या कुरणावरून खाली आला होता, गवत कापायला. तो म्हणाला, "घेऊन जा की गं. सरोवर काही कुणाला बाटवत नाही."

मी म्हटलं, "सरोवराची भीती कुणाला आहे?"

"मग कशाची आहे?" म्हणाला आणि विळ्याला धार लावत बसला. पुरुषांना असे प्रश्न टाकून मोकळं होता येतं.

तर आईला घेऊन मी येते. पण कशी येणार ते नीट वाच, नंतर घोळ नको. बाबांच्या उशाशी बसून मी त्यांना शब्द दिला होता, की तुझ्या घराचा उंबरठा मी ओलांडणार नाही. ते गेले म्हणून शब्द गेला असं होत नाही. आम्ही बोटीच्या धक्क्यावर येऊ, धक्क्यावर बसू आणि धक्क्यावरूनच परत जाऊ. तिथे बाक आहे ना? नसला तर मी घडीचं स्टूल आणते.

दिवस धरलाय गुरुवार, पंधरा ऑगस्ट, मरियामातेचा स्वर्गारोहणाचा सण. त्या दिवशी कामाला सुट्टी, आलोईस खाली असतो, आणि अर्धं गाव मिरवणुकीच्या तयारीत असल्यामुळे स्टेशनवर कोण चढतंय-उतरतंय याकडे कुणाचं लक्ष नसतं. पहाटे साडेपाचची मिस्सा ऐकून, सणाच्या औषधी पाल्याच्या जुडीवर फादरांचा आशीर्वाद घेऊन झाला, की सात बाराची गाडी. मायरिंगेनला इंजिन दुसऱ्या टोकाला लावतात, तेव्हा आईला सांगावं लागेल की आपण उलटे चाललो नाही. आठ पन्नासला ब्रिएन्झ. तिथून नऊ पन्नासची आगबोट. वेळापत्रकाच्या पुस्तकात मी दोनदा पाहिली. तिच्यापुढे क्रूस छापलाय, म्हणजे रविवारी आणि सणाच्या दिवशी सुटणारी. दहा पस्तीसला आम्ही तुझ्या धक्क्यावर. परतीची बोट बारा पंचावन्नची. दोन तास वीस मिनिटं मिळतात. बोलायला ती पुष्कळ झाली.

पाव, चीज, वाळवलेली नासपती आणि कॉफी आमची आम्ही आणू. तू काही करत बसू नकोस. एर्न्स्टने लाकडात कोरलेलं अस्वल वगैरे तर नकोच, ठेवायला जागा नाही.

आईला मी बेत सांगितला. ती "बरं" म्हणाली.

आगाथा

---

साक्सेल्न, रविवार, ४ ऑगस्ट

रेगीना,

येशूची स्तुती असो.

तुझं पत्र वाचून मी थोडा वेळ हसले आणि मग मला हसू आलं नाही.

"ती बोट गुरुवारी नाही." असं तू लिहितेस. मरियामातेच्या सणाला बोट नाही! पुस्तक माझ्यापुढे उघडं आहे. ते सरकारी छापखान्यात छापलेलं आहे, आमच्या फादरांनी काढलेलं नाही. त्यात नऊ पन्नासपुढे क्रूस आहे आणि तळटीपेत सण असा शब्द आहे. पंधरा ऑगस्ट सण नाही, तर मग सण कशाला म्हणायचं? तुझ्या लग्नाच्या वाढदिवसाला?

पुढे लिहितेस, मीच सकाळच्या बोटीने ब्रिएन्झला येते, तिथे भेटू. नाहीतर रविवारी या. हे दोन्ही मी उलटंसुलटं करून पाहिलं. ब्रिएन्झला का? तिथे एर्न्स्टचं सगळं गणगोत राहतं. स्टेशनासमोर सगळ्यांची दुकानं. आम्हाला त्यांच्यासमोर बसवून दाखवायचंय का, की बघा, शेवटी आल्या? आणि रविवारी या म्हणजे काय? रविवारची मोठी मिस्सा आईने बुडवावी असं तुला वाटतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांत तिने ती दोनदाच बुडवली, तुझ्या जन्माच्या रविवारी एकदा आणि माझ्या जन्माच्या रविवारी एकदा.

सरळ सांग ना, की आम्ही तुझ्या गावात यायला नकोत. माणसं असंच करतात. नाही म्हणायचं नसलं की वेळापत्रकावर ढकलतात.

बेत मी बदलणार नाही.

आगाथा

ता. क. आई हल्ली मधूनच भलतं बोलते. काल बटाटे सोलताना म्हणाली, "बुर्गी आता चौथीत असेल." मी विचारलं, कोण बुर्गी? तर म्हणाली, "असेल कुणीतरी." तिच्या कानात कुणीतरी काही भरतंय. तू तिला वेगळं काही पाठवतेस का?

---

साक्सेल्न, शुक्रवार, ९ ऑगस्ट

रेगीना,

आम्ही येत नाही.

तुझं दुसरं पत्र आलं. आधीच्यापेक्षा लांब, आणि त्यात पुन्हा तेच, की बोट नाही, बोट नाही, माझं ऐक. एखादी गोष्ट दोनदा सांगितली की ती खरी होत नाही. बुर्गीबद्दल विचारलं त्याला तू एका ओळीत उत्तर दिलंस, "तिचं नाव वाल्बुर्गा आहे, आईचंच, हे मी तुला ती जन्मली तेव्हाच लिहिलं होतं." लिहिलं असशील. मला सगळंच लक्षात राहत नाही.

आईची तब्येत प्रवासाची नाही. तिलाही आता फारशी इच्छा उरलेली नाही. पंधरा तारखेला धक्क्यावर उभी राहू नकोस, ब्रिएन्झलाही येऊ नकोस. पुढच्या वर्षी बघू.

आगाथा

---

साक्सेल्न, शुक्रवार, १६ ऑगस्ट

प्रिय रेगीना,

आई तुझ्याकडे आहे. त्यामुळे कालचं अर्धं तुला कळलंच असेल. पण तिने ते तिच्या पद्धतीने सांगितलं असेल, म्हणजे तीन वाक्यांत. उरलेलं मी लिहिते.

येणार नाही असं मी तुला कळवलं होतं. काल पहाटे मिस्सा संपली, आईच्या जुडीवर फादरांनी पाणी शिंपडलं, आणि बाहेर पडल्यावर ती घराकडे वळायच्या ऐवजी स्टेशनाकडे वळली. हातात पिशवी होती. मला वाटलं होतं, प्रार्थनेची पुस्तकं असतील.

"आई, घर इकडे आहे."

"मला ठाऊक आहे घर कुठे आहे. मी सरोवर बघायला चाललेय."

"आपलं ठरलंय ना, जायचं नाही म्हणून?"

"तुझं ठरलंय. तिकीट तू काढतेस की मी त्या स्टेशनमास्तरला सांगू, की आंधळ्या म्हातारीला जरा मदत कर?"

चर्चच्या पायऱ्यांवर सगळा गाव उभा होता. मी तिकिटं काढली.

आता जे लिहिते ते मी फादरांनाही अजून सांगितलेलं नाही. गाडीत बसल्यावर मला बरंच वाटलं. कारण तू धक्क्यावर नसशील हे मला माहीत होतं. मीच तुला येऊ नकोस असं लिहिलं होतं. मी हिशेब केला, की बोटीने जाऊ, तिथे कुणी नसेल, आई दहा मिनिटं वाट पाहील, मग मी म्हणेन, "बघ, नाही आली." आणि हा विषय कायमचा मिटेल. ब्रूनिगचा चढ लागला तसा मी जपमाळ काढली आणि हा विचार करत करत पूर्ण माळ ओढली. असं पाप मी पूर्वी केल्याचं मला आठवत नाही.

पिशवी मी उचलायला गेले तर ती जड. "एका दिवसाला एवढं काय घेतलंस?" तर म्हणाली, "पाव." मायरिंगेनला इंजिन बदलताना मी पिशवीवरून हात फिरवला. पाव एवढा मऊ नसतो. म्हटलं, बघू या कुठवर जाते.

ब्रिएन्झला उतरलो. धक्क्यावर चिटपाखरू नाही. सव्वानऊ झाले, साडेनऊ झाले. पावणेदहाला मी तिकिटाच्या खिडकीवर गेले. आत मिशीवाला माणूस पाइप साफ करत होता.

"नऊ पन्नासची बोट लागली नाही अजून?"

"ती आज नाही, बाई."

"आज सण आहे."

"कसला?"

"मरियामातेच्या स्वर्गारोहणाचा!"

"कुठे?"

"कुठे म्हणजे? स्वर्गात!"

"बरोबर आहे," तो म्हणाला. "पण आमच्या बर्न प्रांतात आज गुरुवार आहे." मग त्याने मान बाहेर काढून माझ्या पोशाखाला लावलेली पाल्याची काडी पाहिली. "दर वर्षी या दिवशी घाटापलीकडून तुमच्यासारखे पाच-सहा जण येतात. फुलंबिलं लावून, पुस्तक उघडून. सण म्हणजे देशभरचे सण, बाई. हा तुमच्या कॅथलिकांच्या घरचा. पुढची बोट दोन पाचला."

पुस्तक माझ्या हातात होतं. ते मी मिटलं. समोरच्या दुकानात एक बाई काचा पुसत होती, पलीकडे गवंडी भिंत रचत होते, पोरं गाडीला लाकडं बांधत होती. सगळं जग कामावर होतं. मी त्रेपन्न वर्षांची आहे, रेगीना, आणि मरियामातेच्या सणाला कुणी भिंत रचत असेल असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. तू दोनदा लिहिलंस. दोन्ही वेळा मी त्यात तुझा डाव शोधत बसले.

दोन पाचच्या बोटीने गेलं तर तिथून परत येईपर्यंत शेवटची गाडी हुकते, हे मी लगेच पाहिलं. म्हणजे रात्र तुझ्या घरी. म्हणजे उंबरठा. मी बाकापाशी आले आणि म्हटलं, "चल आई. बोट नाही. अकरा वीसची गाडी आहे."

ती हलली नाही. "मला ठाऊक आहे बोट नाही ते."

"तुला कसं ठाऊक?"

"रेगीनाने लिहिलं होतं ना. गुरुवारी बोट नाही, माझं ऐक."

ते मी तिला वाचून दाखवलं नव्हतं.

मग तिने सगळं सांगितलं. जरासुद्धा आवाज न चढवता, बटाटे सोलताना बोलते तसं. तुझी पत्रं मी वाचून झाली की लोण्याच्या जुन्या बरणीत ठेवते. आलोईस ती तिथून काढून गोठ्यात तिला पुन्हा वाचून दाखवतो. गेली नऊ वर्षं. मी काय वाचते आणि काय गाळते, दोन्ही तिला माहीत. "तू वाचतेस ते हवापाणी," म्हणाली. "आलोईस वाचतो ते पत्र." डोळ्यांचं तुला त्यानेच कळवलं. सोमवारी तुला कार्ड टाकलं तेही त्यानेच, की म्हातारी दोन पाचच्या बोटीने येतेय, धक्क्यावर राहा.

मी म्हटलं, "बोट नाही हे माहीत होतं तर घरी का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तू मला आणलं असतंस?"

मी बाबांना पुढे केलं. म्हटलं, "बाबांना शब्द दिलाय."

"तो तू दिलास," आई म्हणाली. "मी तेव्हा स्वयंपाकघरात होते."

चार तास आम्ही त्या बाकावर बसलो. पाव खाल्ला. होता पिशवीत, खाली रात्रीचा झगा आणि वर पाव. एकदा तो मिशीवाला येऊन आमची कॉफी चाखून गेला आणि म्हणाला, "सणाची चव आहे." आई हसली. तिला एवढं हसताना मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि तेही मला लागलं.

बोट आली. फळीवर आईचा हात धरून मी एक पाय ठेवला, तेव्हा खलाशी म्हणाला, "बाई, येताय की जाताय? फळी काढायचीय." मी पाय मागे घेतला. आईचा हात त्याच्या हातात दिला. तिने मागे पाहिलं नाही, तिला तसंही दिसलं नसतं. बोट गिस्बाखच्या वळणाआड जाईपर्यंत मी उभी होते, मग गाडी पकडली.

आलोईस दारात होता. मला एकटीला पाहून तो बाजूला सरकला. बरणी मी टेबलावर आणून ठेवली. एवढंच काल झालं.

आता माझं. दर नाताळला तुला आईच्या नावाने दोन ओळी यायच्या, त्या माझ्या होत्या. "आई बरी आहे, तुझ्यासाठी प्रार्थना करते." प्रार्थना ती करायची, ते खरं होतं. पण त्या ओळी तिने सांगितल्या नव्हत्या. बुर्गी जन्मली तेव्हाचं पत्र मी वाचलं आणि नाव गाळलं. तू तीनदा माफी मागितलीस, ती तिन्ही वेळा गाळली. बाबांच्या शब्दासाठी करतेय, असं मी स्वतःला सांगत होते. काल गाडीत ते सांगून पाहिलं, तर टिकेना. खरं असं आहे की तू गेलीस तेव्हा आई माझ्या वाट्याला आली, आणि मला भीती होती की ती एकदा तिकडे गेली तर तिला तिकडे आवडेल.

ती किती दिवस राहते ते तिचं तिला ठरवू दे. न्यायला मी येईन की आलोईस, हे मला आज सांगता येत नाही. फादरांशी बोलायचंय, शब्दाबद्दल आणि बाकीच्याबद्दल. तू रागावलेली असशील तर रागाव. मी त्यात आता काही शोधणार नाही.

पण एक गोष्ट तातडीची आहे, म्हणून हे पत्र आजच्याच टपालाने टाकते. आईच्या नजरेत मधोमध काळा डाग आहे. समोरचं तिला दिसत नाही, कडेचं थोडं दिसतं. काल धक्क्यावर तू तिच्यासमोर उभी राहिली असशील, आणि तिने मान दुसरीकडे वळवली असेल, आणि तुला वाटलं असेल की अकरा वर्षांनी आली ती अशी. डॉक्टरांनी मला समजावलं होतं, तुला कुणी समजावलेलं नाही. आलोईसला हे माहीत नाही, बरणीतल्या कुठल्याच पत्रात ते नव्हतं.

तिच्या समोर बसू नकोस. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, उजेड तुझ्या तोंडावर येईल अशी, तिच्या डाव्या हाताला बस. हातभर अंतरावर, जास्त लांब नाही. केस मागे घे. मुलीलाही तसंच बसव. मग ती मान उजवीकडे वळवेल, पार खिडकीकडे, जणू बाहेर कुणी आलंय. तेव्हा उठू नकोस, हाक मारू नकोस, तिचा चेहरा आपल्याकडे ओढू नकोस. तशीच बसून राहा. ती तुला बघत असते.

तुझी,
आगाथा